सात दहाची बस

॥ श्री ॥

ता. २ मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधणाऱ्या सिस्टरबाईंनी स्वतःच्या गुडघ्याला तेल चोळायला फुरसत नाही असं लिहावं, याला काय म्हणतात ते मी वयाने लहान म्हणून लिहीत नाही.

इकडे सगळे खुशाल. तुमच्या बंधुराजांची तर वर्षभर कमाल आहे. एकही लेटमार्क नाही म्हणून छापखान्याच्या मालकांनी चारचौघांत नाव घेतलं, तेव्हापासून घरातसुद्धा ताठ बसतात. मी देवाला रोज सांगत होते, त्यानेच ऐकलं म्हणायचं. तक्रार एकच. छापखान्याचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे असं यांचं म्हणणं, आणि त्यावरून फोरमनशी रोज एक फैर झडते.

आता मुख्य गोष्ट. शाळेकडून चिठ्ठी आली आहे की नव्या वर्षापासून बस आपल्या वरच्या वस्तीपर्यंत येणार नाही. पाण्याच्या टाकीजवळचा थांबा बंद. मुलांनी खालच्या नाक्यावर उतरून यायचं. म्हणजे दोन किलोमीटर, आणि तेही खडीच्या ट्रकांच्या रस्त्याने, जिथे मोठा माणूससुद्धा भिंतीला पाठ लावून उभा राहतो. वस्तीतली चौदा मुलं आहेत, त्यांत आपली ठकी. चिठ्ठीत कारणं दोन दिली आहेत. येत्या वर्षी बसवाला मालक मोठी बस आणणार, तिला टाकीजवळ वळायला जागा नाही. आणि वरच्या वस्तीतली मुलं थांब्यावर वेळेत नसतात, त्यांच्यापायी सगळी फेरी रखडते.

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पहिलं कारण मी दुसऱ्याच दिवशी निकालात काढलं. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना त्यांच्या टेपसकट घेतलं आणि थेट बसवाल्याच्या शेडमध्ये गेले. नवी बस तिथे उभीच होती. रखवालदार विचारू लागला, काय पाहिजे. मी म्हटलं, बसला झबलं शिवायचंय. तो डोकं खाजवेपर्यंत आम्ही लांबी-रुंदी घेतलीसुद्धा. मग टाकीजवळची जागा मोजली. बस वळून वर हातगाडी उभी राहील एवढी जागा उरते. वहीत दोन्ही मापं लिहून बाईंची सही घेतली.

दुसऱ्या कारणाला उत्तर माझ्या वहीतच आहे. तुम्ही मला हिशोबवेडी म्हणता, म्हणा. गेल्या वर्षी शाळा उघडल्यापासून, डबा भरता भरता, बस थांब्यावर किती वाजता आली ते मी खिडकीतून बघून रोज लिहिलं आहे. शाळेने ठरवलेली वेळ सात दहा. एकशे अठ्ठ्याण्णव दिवसांत बस एकही दिवस वेळेवर आलेली नाही! सासूबाईंच्या पद्धतीप्रमाणे स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, ती दहा मिनिटं मी दर वेळी वजा करून लिहिते, म्हणजे त्यातही खोट नाही. पंचवीस तारखेला शाळेत नव्या वर्षाच्या बसफेऱ्या ठरवायची सभा आहे. ही वही मोठ्या बाईंच्या टेबलावर आपटणार आहे.

एकच काटा आहे. शिवणवाल्या बाईंची मुलगी, तेरा वर्षांची, ती मात्र खरोखर उशिरा येते. कितीदा बस गेल्यावर पळत आलेली मी पाहिली. वहीच्या समासात तेही टिपून ठेवलं आहे. एकदा चिडून मी तिला उशीरबाई म्हटलं, ते आता वस्तीतल्या पोरांच्या तोंडी बसलंय. तिच्या एकटीमुळे बसवाल्याला बोलायला तोंड मिळालं. थांबा बंद झाला तर तिची आई तिला शाळेतून काढून काज-बटणं करायला बसवणार आहे. मी पुष्कळ समजावलं. त्या म्हणाल्या, वर्षभर पोरीला बोलणी खायला पाठवली, आता ट्रकांखाली पाठवू का?

तुमच्या पत्राची वाट पाहते. सवड नसली तरी चार ओळी खरडा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची
वहिनी


॥ श्री ॥

ता. ७ मे

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. ड्यूटी संपवून पायरीवर बसून वाचलं आणि बसला झबलं शिवायचंय इथे एवढी हसले की दोन नवशिक्या नर्सा बघायला आल्या. शाबास. माझ्या भावाने आयुष्यात एक शहाणपणाची गोष्ट केली ती म्हणजे तुझ्याशी लग्न, आणि तिलाही तो अर्धा तास उशिरा पोचला होता.

पण तुझ्या वहीचं वाचून मात्र हसू थांबलं. तीस वर्षं मी रोग्यांचे तक्ते बघते. वहिनी, ज्या तक्त्यात एकही दिवस बरा नाही, तिथे रोग्याच्या आधी थर्मामीटर तपासावा. कितीही टुकार बस असो, एकशे अठ्ठ्याण्णव दिवसांत चुकून तरी वेळेवर यायलाच हवी. आणि थर्मामीटर कोणी बिघडवला ते मला माहीत आहे.

रागावू नकोस. रागावशील हे माहीत आहे तरी लिहिते. गेल्या वर्षी शाळा उघडायच्या आधी मी आठ दिवस तुमच्याकडे होते. सकाळी आमचे बंधुराज दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून पेपर वाचत बसायचे आणि तू दारात डबा घेऊन ताटकळायचीस. मला ते बघवेना. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे त्याला पाठ, म्हणून तो ती दहा मिनिटं आरामात खाऊन टाकायचा. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी, तू वाळवण गोळा करायला गच्चीत गेलीस, मी स्टुलावर चढून काटा आणखी दहा मिनिटं पुढे सरकवला. कोणाला बोलले नाही. बोलले असते तर त्याने तीही खाल्ली असती.

म्हणजे तुझं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे आणि तू दहाच वजा करतेस. त्याचा लेटमार्क गेला तो देवाने नाही, मी घालवला. आणि छापखान्याचं घड्याळ अगदी बरोबर आहे, फोरमनला माझा नमस्कार सांग.

आधी खात्री कर, मग मला काय बोलायचं ते बोल. ठकीला गालाला हात लावून पापा.

तुझी,
आज जरा कमी शहाणी
वन्सं


॥ श्री ॥

ता. ११ मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीतीप्रमाणे लिहिला आहे. मनापासूनचा पुढच्या पत्रात.

तुमचं पत्र आलं तसं मी घड्याळ भिंतीवरून काढलं, पिशवीत घातलं आणि टपाल कचेरीत गेले. तिथल्या मोठ्या घड्याळाखाली उभी राहून ताडून पाहिलं. वीस मिनिटं. सेकंदकाटासुद्धा लाजत नव्हता. तिकिटं विकणाऱ्या बाबूंनी विचारलं की घड्याळ पार्सल करायचंय का. मी म्हटलं, करायचंच तर माझ्या नणंदेला करायचंय, पण डोक्यात.

घरात दुसरं घड्याळ नाही हे तुम्हाला माहीत. यांचं मनगटी आहे, ते याच्यावरूनच लावलेलं. रेडिओ बंद पडून दीड वर्ष झालं, त्याच्या दुरुस्तीवर खर्च नको असं मीच म्हटलं होतं. काटकसरीचं फळ हे असं पदरात पडलं. एकशे अठ्ठ्याण्णव ओळी, सगळ्या दहा मिनिटांनी खोट्या, आणि वर ठसक्यात लिहिलेलं की त्यात खोट नाही. वर्षभराचं कौतुक बहिणीने स्टुलावर चढून कमावलं हे यांना पचत नाही. काल फोरमनकडे जाऊन आले.

वन्सं, मला सभेत उभं राहायचंय. बसवाल्याने विचारलं की बाई, घड्याळ बरोबर होतं का, तर काय सांगू? आणि वस्तीतल्या तेरा घरांनी माझ्या वहीच्या भरवशावर थांब्याच्या अर्जावर सह्या दिल्या आहेत. शिवणवाल्या बाईंनी मुलीची पुस्तकं अजून रद्दीत घातली नाहीत तीही या वहीच्याच भरवशावर. रात्री जेवण गेलं नाही. देवासमोर बसले तर जप चालेना, आकडेच चालू.

काय करू ते कळवा. तुम्ही मोठ्या आहात, आणि हे तुम्हीच करून ठेवलं आहे.

राग आहे, पण तो तुमच्यावरच्या मायेच्या खाली ठेवला आहे.

तुमची
वहिनी


॥ श्री ॥

ता. १४ मे

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

वाटेल ते बोल, मी मान खाली घालून घेते.

पण माझं ऐक. घड्याळ नीट लावून टाक आणि गप्प राहा. वही आहे तशी ने. घड्याळाचं तिघांना माहीत आहे आणि तिघं एकाच घरची. बसवाला काही धुतल्या तांदळासारखा नाही, त्याच्या बसने उशीर केलाच असणार. दहा मिनिटं इकडे की तिकडे, त्यासाठी चौदा मुलं ट्रकांखाली घालू नकोस. पाप लागलंच तर ते माझ्या नावावर लाव. मी इस्पितळात पुष्कळ पुण्य साठवलंय, त्यातून वळतं करून घेईन.

वडीलकीचा सल्ला आहे. पाळलास तर आशीर्वाद, नाही पाळलास तरी आशीर्वाद.

तुझी
वन्सं


॥ श्री ॥

ता. २० मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला डोक्याला लावला आणि बाजूला ठेवला. माफ करा. तुमच्या पुण्यातून माझं पाप वळतं करायला देव काही तुमचा वॉर्ड नाही. मी सभेत घड्याळाचं सांगणार आहे. आणि कोणी विचारायच्या आधी सांगणार आहे.

सोमवारी दुपारी लाल शाईचं पेन घेऊन बसले आणि प्रत्येक ओळीतून आणखी दहा मिनिटं वजा करायला लागले. म्हटलं, किती पडझड होते ती एकदाची बघू. पहिलं पान संपायच्या आतच हात थांबला. एक ओळ अशी होती. बस सात तेरा. आणि समासात माझ्याच अक्षरात, शिवणवालीची पुन्हा उशिरा, सात सतराला आली, बस गेलेली.

आता त्यातून दहा वजा करा. बस आली सात तीनला. मुलगी आली सात सातला. ठरलेली वेळ सात दहा! वन्सं, मुलगी तीन मिनिटं आधी आली होती. बस वेळेच्या आधी येऊन निघून गेली होती.

मग पानं उलटत गेले आणि माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. एकूण दिवस एकशे अठ्ठ्याण्णव. त्यांतले त्रेसष्ट दिवस बस खरोखरच उशिरा होती, दहा वजा करूनसुद्धा. चौऱ्याण्णव दिवस ठीक. आणि एक्केचाळीस दिवस ती सात दहाच्या आधीच थांबा सोडून गेली. वस्तीतली बाकीची पोरं कशी पोचायची? बारा जणं ठकीच्या हाका ऐकून निघायची. आपल्या घरातून ठकी वीस मिनिटं आधी बाहेर पडते आणि दारोदार ओरडत जाते. शिवणवाल्या बाईंचं घर टाकीच्या पलीकडे, तिथे हाक पोचत नाही. त्यांच्याकडे घड्याळ बरोबर आहे. अख्ख्या वस्तीत एकच मुलगी घड्याळाप्रमाणे वागत होती, आणि तिला मी उशीरबाई म्हटलं.

वही घेऊन तशीच त्यांच्याकडे गेले. बाई मशीनवर होत्या. मुलगी खाली बसून हुक लावत होती. मी सगळं सांगितलं, घड्याळ, स्टूल, तुम्ही, मी. बाईंनी मशीन थांबवलं नाही. पायच काय तो जोरात चालायला लागला. मुलगी हुक लावता लावता म्हणाली की बस आधीच जाते हे तिने तेव्हाच सांगितलं होतं. आईला सांगितलं, वर्गात सांगितलं, मलाही सांगितलं. तेव्हा मीच तिला ही वही उघडून दाखवली होती की बघ, इथे लिहिलंय, बस तर उलट उशिरा आली.

मला ते आठवतही नव्हतं. तिला दिवस, वार, पान सगळं आठवत होतं. बस चुकली की ती ट्रकांच्या रस्त्याने नाक्यापर्यंत जायची, आणि तिथून पुढे शाळेपर्यंतही चालतच. दुसरा तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभी राहायची. तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा आहे, आळशी, सतत उशिरा. मी तिची माफी मागितली. तिने एवढंच विचारलं की जिथे सगळ्यांदेखत उशीरबाई म्हटलं, तिथे सगळ्यांदेखत हे वाचून दाखवणार का. मी हो म्हटलं. मग तिने सुईत दोरा ओवला आणि मान खाली घातली.

तेव्हा आता मला घाबरायला वेळ नाही. घड्याळ अजून दुरुस्त केलेलं नाही. ते जसंच्या तसं, वीस मिनिटं पुढे, सभेत नेणार आहे. रोज सकाळी टपाल कचेरीत नेऊन ताडून बघते आणि बाबूंची सही घेते. आठ दिवस झाले, अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. बाबू आता मला घड्याळबाई म्हणतात. म्हणू देत. नावं ठेवली की कसं वाटतं ते मलाही कळायला हवं होतं.

पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता माझी आठवण काढा. खरे अकरा.

तुमची
वहिनी


॥ श्री ॥

ता. २६ मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

काल सभा झाली. सविस्तर लिहिते, म्हणून हे पत्र जाड. जादा तिकीट लावलं आहे, तेही कुरकुर न करता.

मी टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ टेबलावर ठेवलं तेव्हा बसवाल्याने हसून विचारलं की दुरुस्तीला आणलंय का. मी म्हटलं, हो, पण घड्याळाच्या नाही. मोठ्या बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. आधी वहीतलं मापांचं पान उघडलं, शिवणवाल्या बाईंनी ते वाचलं, आणि वळायला जागा नाही ही तक्रार पाच मिनिटांत मिटली. मालकाला राग आला तो त्याची बस न विचारता मोजल्याचा. बाई म्हणाल्या, गिऱ्हाईकाचं माप घ्यायला मी कधी परवानगी काढत नाही.

मग मालकाने मुलांच्या उशिराचं काढलं. मी उठले. शिवणवाल्या बाईंच्या मागे ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. मी सांगितलं की माझ्या वहीतल्या वेळा चुकीच्या आहेत. घड्याळ मला वाटलं त्याहून दहा मिनिटं जास्त पुढे होतं, ही टपाल कचेरीची सही, आणि वहीतली प्रत्येक वेळ दहा मिनिटांनी कमी धरावी. आपल्या वस्तीतले लोक चपापले. दोघं-तिघं तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी घरभेदी झाले.

बसवाला मात्र खुर्चीत फुलला. म्हणाला की ह्या बाई प्रामाणिक आहेत, हे लेखी घ्या. बस सांगतात तेवढी उशिरा नव्हतीच. मी म्हटलं, जरूर घ्या. शाळेच्या कारकुनाने सभेच्या वहीत लिहिलं की या नोंदींतून दहा मिनिटं कमी केली असता त्या बरोबर आहेत, आणि हे दोन्ही बाजूंना मान्य. मी सही केली. बसवाल्याने आपल्या खिशातलं पेन काढून, झोकात, सही केली.

मग मी लाल शाईची पानं उघडली.

एकेक तारीख वाचली. बस सात तीन, मुलगी सात सात. बस सात पाच, मुलगी सात आठ. बस सात दोन, मुलगी सात सहा. पहिल्या चारपाच तारखांना कोणाला उमगलं नाही. सातवीला मोठ्या बाईंनी चष्मा काढला. दहावीला बसवाला उभा राहिला आणि म्हणाला की असल्या घड्याळावर भरवसा काय ठेवायचा. मोठ्या बाईंनी सभेची वही त्याच्याकडे फिरवून त्याच्याच सहीवर बोट ठेवलं. तो बसला. मी मात्र बसले नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचल्या. मध्ये कोणीतरी म्हणालं, कळलं, पुरे. मी म्हटलं, ती एक्केचाळीस वेळा चालत गेली आहे, आपण बसून ऐकतोय.

शेवटची तारीख वाचून झाल्यावर दाराशी उभा असलेला बसचा ड्रायव्हर न विचारता बोलला. मालकाने बस शीतगृहाच्या कामगारांनाही लावली होती. कधी कामगार आधी, कधी शाळा आधी. कामगार आधी असले की मुलांना उशीर, आणि शाळा आधी असली की वेळेच्या आत फेरी उरकायचा हुकूम. तो म्हणाला की आरशात ती मुलगी पळत येताना त्याला दिसायची. थांबलो तर शीतगृहाची फेरी चुकायची आणि त्या दिवसाचा रोज कापला जायचा. मालकाकडे न बघता त्याने त्या मुलीकडे बघून हे सांगितलं.

मी सगळ्यांदेखत म्हटलं की उशीरबाई हे नाव मी ठेवलं होतं, मी परत घेते, आणि पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलं तर घड्याळ घेऊन त्याच्या घरी येईन. लोक हसले. ती हसली नाही. मोठ्या बाईंनी तिला पुढे बोलावून प्रगतिपुस्तक मागितलं. ती ते छातीशी धरूनच आली होती, वन्सं, म्हणजे तिने धरलंच होतं की मी वाचणार. शेरा खोडून बाईंनी बाजूला सही केली.

ठरलं ते असं. टाकीचा थांबा राहणार. सात दहाच्या आत बस थांब्यावरून हलणार नाही, मग पोरं सगळी चढलेली असली तरी. शाळेची फेरी पुरी झाल्याशिवाय दुसरं भाडं घ्यायचं नाही. सात पंचवीसपर्यंत बस आली नाही तर शाळा दुसरी गाडी पाठवणार, मालकाच्या खर्चाने. आणि प्रत्येक थांब्यावर एक वही राहणार, दर सोमवारी वही ठेवणाऱ्याचं घड्याळ शाळेच्या घड्याळाशी ताडून बघायचं. मालक म्हणाला की एवढ्या जाचात धंदा होत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या की मग करू नका, चार अर्ज आलेत. तो करणार आहे म्हणाला.

वही कोणी ठेवायची असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी नाही. वस्तीत जिचं घड्याळ वर्षभर बरोबर होतं तिने ठेवावी.

शिवणवाल्या बाई परतताना वाटेत एकच वाक्य बोलल्या. गणवेशाचं कापड उद्याच आणायला हवं.

घरी येऊन घड्याळ बरोबर लावलं. आधी फोटोतल्या सासूबाईंची क्षमा मागितली, मग तुमची आठवण काढली. राग निवलाय. लोभाची वीस मिनिटं मात्र पुढेच राहू देत.

तुमची
वहिनी


॥ श्री ॥

ता. ३१ मे

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. मेट्रनलाही वाचून दाखवलं. माझा सल्ला मोडलास हे उत्तम केलंस, पण सवय लावून घेऊ नकोस.

त्या मुलीला माझ्याकडून एक सांग. बस आधीच निघून जाईल हे मी स्टुलावरून उतरले तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काटा जागच्या जागी ठेवून मी बसच्या पुढ्यात उभी राहिले असते, गुडघ्यासकट.

शाळा उघडली की पहिल्या दिवसाचं लिही. वाट पाहते.

तुझी
वन्सं


॥ श्री ॥

ता. १६ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

काल शाळा उघडली. लगेच लिहायला बसले, कारण एक गोष्ट तुम्हाला माझ्या हातूनच कळावी. ठकीकडून तिखटमीठ लावून येण्यापेक्षा बरं.

घड्याळ आता बरोबर आहे, पण माझे हातपाय अजून जुन्याच घड्याळावर आहेत. सुट्टीत ठकीचा डबा नसायचा, म्हणून तीन आठवडे निभावलं. कायम हाताशी वीस मिनिटं असायची, ती कुठे गेली कळेना. ठकी वेळेत गेली. तुमच्या बंधुराजांना पहिल्याच दिवशी लेटमार्क लागला. फोरमनने म्हणे हात मिळवून स्वागत केलं. आणि मला त्या मुलीच्या हाती नवी कोरी वही द्यायची होती, तर डबा भरून, वही शोधून, धापा टाकत टाकीपाशी पोचले तो बस उभी, मुलं आत, आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघत हात मांडीवर ठेवून बसलेला. नियमाप्रमाणे तो सात दहालाच निघू शकला असता. शाळेच्या इतक्या वर्षांत ही बस पहिल्यांदा कोणासाठी थांबली, आणि ती माझ्यासाठी.

मुलगी दारातल्या पहिल्या बाकावर बसली होती. नवा गणवेश, बाह्या वाढत्या अंगाच्या. तिने खिडकीतून हात काढून वही घेतली, तिथल्या तिथे पहिली ओळ लिहिली, आणि मला वाचता यावी म्हणून काचेला लावून धरली.

बस सात नऊ. मी सात सहा. काकू सात बाराला आल्या. उशीर.

मग ती हसली. वन्सं, वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. बस वळली, टाकीपाशी, ऐसपैस.

ओळ बरोबर आहे. तिच्यातून काहीही वजा करायचं नाही.

मायेचा हात पाठीवर असू द्या.

तुमची
वहिनी